सखारामाची होडी

पुण्यातल्या त्या मैदानात, जर्मन गाड्यांच्या रांगेत, पाचव्या नंबरच्या ओपेलपुढे मी वाकलो आणि मला मुशीच्या तेलाचा वास आला. आधी वाटलं, भास. उन्हं वर आली होती, मेणाचा, पेट्रोलचा, बायकांच्या अत्तरांचा असा सगळा वास तिथं कालवलेला, त्यात हा कुठून येणार? खांद्यावरची पिशवी वाकताना पुढे लोंबत होती ती मागे सारली, गुडघा टेकला, बंपरच्या खाली तोंड नेलं. आला. उग्र, जुनाट, जिभेच्या मुळाशी बसणारा. मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, त्याच्या काळजाचं तेल. ज्याने ते लहानपणी हुंगलंय त्याला ते मेल्यावरसुद्धा ओळखता येईल. माझ्या मागे एक मरतुकडं कुत्रं येऊन उभं राहिलं होतं आणि नाक वर करून तेही हुंगत होतं. म्हटलं, चला, आता साक्षीदारही झाला.

मी वीज मंडळात मीटर तपासतो. चौदा वर्षं रत्नागिरीत लोकांच्या पडव्यांतून फिरतोय. सील तोडून पुन्हा बसवलेलं मला हात लावल्याशिवाय कळतं. माणूस "या या, चहा घ्या" म्हणाला की मी समजतो, इथं काहीतरी काळंबेरं आहे. विमला, माझी बायको, म्हणते की तुम्हाला कावीळ झालीय, सगळं पिवळं दिसतं. दिसू दे. पिवळं असतंच की बहुतेक. पण वर्षातून एक दिवस मी ही नोकरी घरी ठेवतो. जानेवारीत पुण्याला जुन्या मोटारींचा मेळा भरतो, तिथं एस.टी.ने जातो, मेव्हणी मथुरा हिच्याकडे पिशवीतलं सामान टाकतो आणि दिवसभर जर्मन रांगेत घुटमळतो. माझी स्वतःची गाडी नाही, सायकल आहे. पण तिथले दोन-तीन मालक आता मला ओळखतात. "आले का रत्नागिरीकर," म्हणतात. फोक्सवॅगनचं इंजिन मागे का, मर्सिडीजची जाळी कुठल्या साली बदलली, हे मी त्यांना सांगतो आणि ते ऐकून घेतात. त्या दिवशी मी संशय घेत नाही. घ्यायचा नसतो. म्हणून तर तो वास आला तेव्हा मला रागच आला.

आमची गाडी ओपेलच होती. ऑलिम्पिया, एक्कावन्न सालची, दुधाळ करड्या रंगाची. बाबा, म्हणजे सखाराम, जहाजावर इंजिनात तेलवाला होते. हॅम्बुर्गच्या बंदरात तीन महिने जहाज अडकलं होतं तेव्हा त्यांनी जर्मन यंत्र पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं, असं आई म्हणायची. जहाज सोडून घरी आल्यावर कोल्हापूरच्या एका डॉक्टरची जुनी ऑलिम्पिया त्यांनी घेतली. घेतली आणि तिला होडीसारखी वागवायला लागले. खारी हवा लोखंड खाते हे त्यांना ठाऊक. होडीला काय लावतात? मुशीचं तेल. मग गाडीला का नको? दर वैशाखात, पाऊस यायच्या आधी, बाबा लंगोट नेसून गाडीखाली शिरायचे आणि काथ्याच्या कुंच्याने तिचं अख्खं पोट मुशीच्या तेलाने माखायचे. इतकं, की चार दिवस अंगणात पाऊल ठेववत नसे. अख्ख्या पेठेतली मांजरं गाडीखाली जमायची. लोक म्हणायचे, "सखारामाची होडी निघाली, नाक धरा." लग्नाच्या वऱ्हाडाला एकदा गाडी दिली तर नवरीने वाटेत ओकारी काढली. बाबा म्हणाले, "पोरीला बंदराची सवय नाय." जगात दुसऱ्या कुणी मोटारीला मुशीचं तेल लावलं असेल, हे मला आजही पटत नाही. हा वेडेपणा एकट्या आमच्या बापाचा. म्हणून मी त्या मैदानात गुडघ्यावर बसल्या बसल्या गार पडलो. कारण ती गाडी बावीस वर्षांपूर्वी चिपळूणच्या पुरात गेली होती. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं. सांगणारा माझा थोरला भाऊ आप्पा.

"खाली काय शोधताय?" मालक म्हणाले. पांढरी टोपी, गळ्यात दुर्बीण, तोंडावर हसू. मी उठलो. म्हटलं, "फार सुरेख ठेवलीय. कुठं मिळाली?" ते अर्धं पाऊल मागे सरकले, रुमालाने नाक पुसलं. "कऱ्हाडच्या एका माणसाकडून घेतली. त्याच्या आधीचं मला ठाऊक नाही. घाटाखालून आली होती म्हणे." घाटाखालून! कऱ्हाडला घाटाखालून येणार म्हणजे कुंभार्ली चढून येणार, आणि कुंभार्लीच्या खाली काय आहे? चिपळूण. माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, "आतून पाहू का जरा?" मागच्या सीटच्या कडेला, पत्र्यावर, मी सात वर्षांचा असताना खिळ्याने 'र' कोरला होता आणि बाबांचा मार खाल्ला होता. "पाहा की," ते म्हणाले, "पण जुनं काही राहिलेलं नाही हो. पत्रा, रंग, कातडं, सगळं नवं केलंय." मी डोकावलो. खरंच सगळं नवं. चोराने घर धुऊन पुसून ठेवावं तसं. त्या माणसाने पुन्हा नाकाला रुमाल लावला आणि मला वाटलं, बघ, याला वास ठाऊक आहे, हा लपवतोय.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. मला दिसत होतं आमचं अंगण आणि अंगणात उभा असलेला काशीराम. काशीराम बाबांच्या जहाजावरचा जोडीदार, तिकडे भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला होता, इकडे येऊन त्याने चिपळुणात गॅरेज काढलं. ऑलिम्पियाला हात लावायचा तो फक्त त्यानेच. त्या श्रावणात गाडी त्याच्याकडे इंजिनच्या कामाला होती आणि आप्पा, तेव्हा चोवीस वर्षांचा, ती आणायला चिपळूणला गेला. रात्री वाशिष्ठीला पूर आला. तिसऱ्या दिवशी आप्पा चालत, लिफ्ट घेत, चिखलाने माखून घरी आला आणि म्हणाला, "गाडी गेली. काशीरामला सांगितलं होतं वर काढून ठेव, तो घरी जाऊन झोपला. गॅरेजातून वाहून गेली, खाली तिचे तुकडे झाले, भंगारवाल्याने नेले." बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आणि मग काशीराम आला. मी चौदा वर्षांचा, पडवीत उभा होतो. काशीराम अंगणात, पायरी न चढता म्हणाला, "सखाराम, गाडी माझ्याकडे नव्हतीच." एवढंच. बाबा म्हणाले, "माझा मुलगा खोटं बोलतो? चालता हो." तो गेला. दोघं वीस वर्षं एका भट्टीपुढे घामाघूम झालेले, एका ताटात जेवलेले, पण पुन्हा कधी बोलले नाहीत. गावोगाव बातमी गेली की दोस्ताची गाडी याने बुडवली. काशीरामच्या गॅरेजात लोक गाड्या घालीनासे झाले. पुढे त्याने गॅरेज बंद केलं. आता म्हणे लोट्याच्या कुठल्या कंपनीच्या बसेस दुरुस्त करतो, राहतो चिपळुणातच. पाच वर्षांनी बाबा गेले तेव्हा तो आला होता, बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, उभा राहिला, टोपी हातात घेऊन. मी आतून गेलो आणि त्याच्या तोंडावर बेडं लावलं. एकोणीस वर्षांचा होतो, फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं मला. आणि आता, बसमध्ये, बावीस वर्षांनी, ते वाक्य माझ्या कानात उलटं फिरलं. गाडी माझ्याकडे नव्हतीच. नव्हतीच! म्हणजे पूर यायच्या आधीच ती गेलेली होती. म्हणजे आप्पाने ती परस्पर कुणाला तरी देऊन टाकली, आणि पूर त्याच्या पथ्यावर पडला.

एकदा हे डोक्यात बसल्यावर मग काय. संशयाला औषध नाही म्हणतात ते उगीच नव्हे. आप्पाने लग्न केलं नाही. बाबा गेल्यावर मला शिकवलं त्याने, माझं लग्न लावलं त्याने, मिऱ्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात वीस वर्षं कारकुनी करून, आजही आमच्याच घरात पडवीलगतच्या खोलीत राहतो. मला वाटायचं, काय देवमाणूस. आता मी त्याच्या प्रत्येक गोष्टीचं सील तपासायला लागलो. लग्न का नाही केलं? कसली टोचणी होती? पुण्याच्या मेळ्याचं निघालं की हा उठून का जातो? मागच्या वर्षी मी ओपेलचा फोटो आणला तर याने तो उलटा करून ठेवला, का? जेवताना मी त्याच्या हातांकडे बघायचो. भात कालवणारे ते हात, ज्यांनी मला सायकल शिकवली, त्यांच्याकडे मी मीटरकडे बघावं तसा बघत होतो आणि स्वतःची किळस येत होती, तरी बघत होतो. विमलाने विचारलं, "मथुराला सगळं दिलंत ना?" मी "दिलं, दिलं" म्हणालो, काय दिलं ते डोक्यातसुद्धा नव्हतं. पिशवी खुंटीला तशीच लटकत होती. आठ दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. आप्पानेच एकदा विचारलं, "काय रे, बरं नाय काय तुला?" म्हटलं, "बरा आहे." तो म्हणाला, "मग तोंड एरंडेल घेतल्यासारखं का?" आणि हसला. त्याचं ते हसणं मला त्या दिवशी इतकं खोटं वाटलं की मी पानावरून उठलो.

रविवारी सकाळी आप्पा मागच्या दारी पाटावर बसून बांगडे साफ करत होता. विळीवर त्याचा हात बघत राहावा असा. मी चौकटीत उभा राहिलो आणि आठ दिवस घोळवलेलं सगळं भाषण विसरलो. म्हटलं, "आप्पा, गाडी पुण्यात आहे."

त्याचा हात थांबला. "कुठली गाडी?"

"बाबांची. मी पाहिली. रंग बदललाय, सगळं बदललंय. पण खाली वाकलो तर वास आला. मुशीच्या तेलाचा."

आप्पाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, तो हसेल, नाहीतर शिवी घालेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते कसं दिसतं हे बघायला मी टपलो होतो. पण त्याच्या तोंडावर आलं ते वेगळंच होतं. एखाद्याला वर्षानुवर्षं ज्या हाकेची धास्ती आहे ती हाक अखेर आली म्हणजे माणूस जसा बघेल, तसा तो बघत होता. बांगडा हातातून ताटलीत पडला.

"कोणी काढली?" तो म्हणाला. अगदी हळू. "गोवळकोटच्या खाडीतनं कोणी काढली रे ती?"

गोवळकोट म्हणजे चिपळूणच्या खालचं बंदर; मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कान तापले. "गोवळकोट? गोवळकोटचा काय संबंध? गाडी काशीरामच्या गॅरेजात होती ना?"

मांजर येऊन ताटलीतला बांगडा हुंगायला लागलं, आप्पाने ते हाकललं नाही. मग तो बोलला ते माझ्याशी नाहीच, त्या विळीशी बोलल्यासारखं. "मी दुपारीच गाडी ताब्यात घेतली व्हती. काशीराम म्हणाला, आज नेऊ नको, पाणी चढतंय, वर टेकावर ठेवू. मी म्हटलं, मला घरी जायचंय. घरी कसलं! गोवळकोटला एक मुलगी बघून ठेवली व्हती मी. सगुणा नाव. तिच्या बापसाने सांगून पाठवलेलं, तुझ्याकडे काय आहे ते दाखव. मी काय दाखवणार? मी गाडी दाखवायला नेली. धक्क्यावर उभी केली, सगळ्यांना दिसावी म्हणून. जेवायला बसवलं त्यांनी. उठलो तर धक्का दिसेना." त्याने विळी बाजूला सारली. "गाडी उलटताना पाहिली मी, रघू. दिवे लावून ठेवले व्हते, ते पाण्यातनं जळताना दिसत व्हते थोडा वेळ."

"मग भंगारवाला?"

"कसला भंगारवाला. कुणाला कधी सापडली नाय ती. बावीस वर्षं मी वाट बघतोय, कधीतरी ओहोटीला वर येईल आणि लोक विचारतील, गॅरेजातली गाडी गोवळकोटला कशी? बापसाला मी तोंड कसं दाखवणार व्हतो? म्हटलं, काशीराम जुना दोस्त आहे, दोन दिवस भांडतील, मग एक व्हतील. एक झालेच नायत. मग बापूस मेला. मग सांगायचं कुणाला?" एवढं बोलून आप्पा रडला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, हाताला खवलं चिकटलेली, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. मला त्याची दया आली, रागही आला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आतून कुठेतरी बरं वाटलं की माझं नाक चुकलं नव्हतं. साप साप म्हणून भुई धोपटली होती मी, आणि भुईतून खराच साप निघाला होता. पण मग मला ते बेडं आठवलं. आप्पाने खोटं सांगितलं होतं, पण काशीरामच्या तोंडावर बेडं मीच लावलं होतं. टोपी हातात धरलेला तो माणूस मित्राचं शेवटचं तोंड बघायला आला होता आणि मी त्याला तेही बघू दिलं नव्हतं.

"उद्या चिपळूणला जाऊ," मी म्हटलं. आप्पाने मान हलवली. विमलाने दाराआडून सगळं ऐकलं होतं. तिने पोह्याचे लाडू वळायला घेतले.

सोमवारी सकाळी स्टँडवर आम्ही लवकर पोहोचलो. एस.टी. लागलेली होती, अर्धी रिकामी. आप्पाने पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा, दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं. तो खिडकीशी बसला, मी त्याच्या शेजारी, लाडवांचा डबा घातलेली तीच खुंटीवरची पिशवी मांडीवर. मी मनात वाक्यं जुळवत होतो, काशीरामपुढे काय म्हणायचं, आधी कोण बोलणार, त्याने दारच लावलं तर. लावलं तर लावू दे, आपल्याला तोंड आहे का बोलायला. तेवढ्यात आप्पा ताठ झाला. त्याने नाक वर केलं.

"रघू, वास येतोय."

"कसला?"

"बापसाच्या गाडीचा."

मी म्हटलं, बिचारा, आता याला भास व्हायला लागले. मग मलाही आला. तोच. पुण्याला आला होता तसाच, उग्र, जिभेच्या मुळाशी. घरात कधी लक्षात आला नव्हता, मासळीच्या घरात मासळीचा वास कोणाला येतो? मी मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. तिचा बाजूचा कप्पा काळपट, ओलसर झाला होता. हात घातला तर खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, अर्धी रिकामी, बूच सैल. विमलाने मथुराच्या गुडघ्यांसाठी दिलेलं मुशीचं तेल. मी द्यायचं विसरलो होतो. मेळ्यात दिवसभर ती पिशवी माझ्याच खांद्यावर होती, वाकलो की तोंडापाशी येत होती. ते कुत्रं माझ्या मागे उभं होतं. तो टोपीवाला माझ्यापासून अर्धं पाऊल मागे सरकला होता. आठ दिवस मी ज्याच्या त्याच्याकडे बघत होतो, आणि चोरटा वास माझ्याच बगलेत होता.

आप्पाने बाटली पाहिली. तो काही मूर्ख नव्हे.

"म्हणजे पुण्यात ती नव्हतीच," तो म्हणाला.

"ठाऊक नाही, आप्पा. असेल, नसेल. कसं सांगू आता?"

"नव्हती," तो म्हणाला. "ती खाडीतच आहे."

ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. खिडक्यांच्या काचा खडखडायला लागल्या. मला दिसत होतं की आप्पा दाराकडे बघतोय. उतरला असता तर मी त्याला काय म्हणणार होतो? गाडी सापडलेली नव्हती. सापडणारही नव्हती. सगळा पुरावा म्हणजे माझ्या हातातली बाटली. बावीस वर्षं झाकलेलं त्याने एका सांडलेल्या तेलापायी उघडं केलं होतं, आणि अजून ते आमच्या घराबाहेर गेलेलं नव्हतं. मी म्हटलं, "आप्पा, उतरायचं तर उतर. मी कुणाला बोलणार नाही." ते मी खरं बोललो. आणि तरी, देवाशप्पथ, तो उतरेल म्हणून मी घाबरलो होतो, कारण तो उतरला असता तर मीही उतरलो असतो, आणि मग जन्मभर आम्ही दोघं त्या घरात एकमेकांकडे मी मीटरकडे बघतो तसे बघत राहिलो असतो.

कंडक्टर आला, नाक मुरडलं. "काय हो, मासळी बिसळी आहे काय पिशवीत? बोला, कुठं?"

मी नोट हातात धरली होती, ती पुढे केली नाही. आप्पाने माझ्या हातातून नोट काढून घेतली.

"दोन चिपळूण," तो म्हणाला.

मग त्याने बाटलीही माझ्याकडून घेतली, बूच घट्ट बसवलं, आणि ते पुन्हा सुटू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरून बसला. हातखंब्याचा फाटा आला तरी त्याने अंगठा काढला नव्हता.